ही शांतता कुणाच्या जिवावर?

पत्राचा सारांश: पत्रलेखक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, पुण्यात नोकरी करतात. घरी पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी. स्वभाव मुळात तापट. काही वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी राग आवरायला सांगितलं आणि त्याच सुमारास मोबाइलवर प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ दिसू लागले. मग पुस्तकं आली, रोज पहाटे वही लिहिण्याची सवय लागली. ‘जे माझ्या हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही’ हे सूत्र त्यांनी मनापासून अंगी बाणवलं आणि राग खरोखरच कमी झाला.

आठ महिन्यांपूर्वी गावी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अस्पष्ट झालं. थोरले भाऊ आणि वहिनी त्यांचं सगळं करतात. या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बरेच दिवस धुसफूस आहे. पत्रलेखक दर महिन्याला पैसे पाठवतात, प्रत्यक्ष मात्र दोनदाच जाऊन आले. दुसऱ्या वेळी वडिलांच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांची छाती भरून आली. ते अंगणात आले, ‘आजार माझ्या हातात नाही’ असं मनाशी म्हणत राहिले, बरं वाटलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. पत्नी म्हणते, ‘तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय.’ मुलगी मैत्रिणीशी भांडून रडत घरी आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, ‘हे तुझ्या हातात आहे का?’ तेव्हापासून ती जे काही सांगायचं ते आईलाच सांगते. त्यांचे प्रश्न असे: ‘एवढ्या कष्टाने मिळवलेली माझी शांतता घरच्यांना का खुपते? त्यांना हे तत्त्वज्ञान कसं समजावू? आणि गावी जाऊन मन अस्वस्थ करून घेणं खरंच गरजेचं आहे का?’

नमस्कार,

पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवून उठायचात आणि आता उठत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही लहान कमाई नाही. तापट माणसाच्या घरात बाकीचे किती जपून वावरतात, दाराची कडी वाजली की सगळ्यांचे आवाज कसे खाली येतात, हे ज्यांनी सोसलंय त्यांना या बदलाचं मोल विचारा. तेव्हा पुढचं वाचून वही बंद करू नका आणि पुस्तकं माळ्यावर टाकू नका. तुमच्या अभ्यासाला माझा विरोध नाही. तो अर्ध्यावर थांबलाय, एवढंच मला म्हणायचंय.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते. मन हललं नाही म्हणजे साधलं, आणि ज्याने मन हलेल त्यापासून लांब राहणं म्हणजे संयम. ही शिकवण स्टोइकांची आहे असं धरून तुम्ही चालला आहात. म्हणून मी तुम्हाला दुसरीकडे कुठे न नेता तुमच्याच गुरूकडे नेते. ‘हातात काय आणि हातात नाही काय’ हे सूत्र एपिक्टेटसचं. तुमच्या बाबतीत तो काय म्हणाला असता याचा अंदाज बांधायची गरजच नाही, कारण जवळपास अशीच अडचण घेऊन एक गृहस्थ त्याच्याकडे आले होते आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवलेलं आहे.

एपिक्टेटस कोण होता हे आधी थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय त्याच्या शब्दांचं वजन कळत नाही. इसवी सन ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा हा जन्म. रोममध्ये तो गुलाम होता. नीरो बादशहाच्या दरबारातला एपाफ्रोडिटस हा त्याचा मालक. पायाने अधू. गुलाम असतानाच त्याला मुसोनियस रूफस या स्टोइक शिक्षकाकडे शिकायला मिळालं. पुढे सुटका झाली, तोही शिकवू लागला आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा ग्रीसच्या वायव्येकडे निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. ‘शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद आपल्या हातात नाही’ असं हा माणूस म्हणतो तेव्हा हे सगळं आपल्या ताब्यात नसणं त्याने गुलामीत स्वतः भोगलेलं होतं. त्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही. आरियन नावाच्या विद्यार्थ्याने त्याची शिकवण टिपून ठेवली. त्या आठ भागांपैकी चार आज उरले आहेत.

त्यातल्या पहिल्या भागाच्या अकराव्या प्रकरणात हे गृहस्थ भेटतात. मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी. एपिक्टेटस त्यांना सहज विचारतो, बायकामुलं आहेत का, संसार कसा चाललाय. ते म्हणतात, फार वाईट. परवा माझी छोटी मुलगी आजारी पडली, तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला तिच्यापाशी बसवेना. मी घरातून निघूनच गेलो. ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हा परतलो.

मग तुम्ही केलंत ते बरोबर होतं असं तुम्हाला वाटतं? एपिक्टेटस विचारतो. अधिकारी म्हणतात, बापाच्या काळजाला जे होतं तेच मला झालं, सगळ्याच बापांचं असं होतं. आता एपिक्टेटस आपल्या पद्धतीने एकेक प्रश्न पुढे सरकवतो. मुलीवर तिच्या आईचा जीव नाही का? आहे. मग आईनेही निघून जायला हवं होतं? नाही. तिला सांभाळणाऱ्या दाईचा जीव आहे ना? आहे. मग तिनेही सोडून जावं? मुळीच नाही. तिच्या शिकवणीच्या माणसाने? त्यानेही नाही. म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या मायेपायी त्या पोरीने एकटं पडावं आणि ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही त्यांच्या हातात मरावं? आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमची बायकामुलं अशाच मायेने तुम्हाला एकटं टाकून गेलेली चालतील?

त्या गृहस्थांकडे उत्तर नव्हतं. पण एपिक्टेटस त्यांना लाजवून थांबत नाही. तुम्हाला घराबाहेर कुणी काढलं, हे तो शोधायला लावतो. मुलीच्या आजाराने? तसं असतं तर आईही पळाली असती. तुम्हाला बाहेर काढलं ते तुमच्याच एका निर्णयाने. इथून निघालो की बरं वाटेल, आणि मला बरं वाटणं हेच आत्ता महत्त्वाचं, हा तो निर्णय. एपिक्टेटसच्या मते आपण काही करतो किंवा करत नाही, त्याचं कारण बाहेर नसतं, आपल्याच मताच्या पोटात असतं.

आता तुमच्या अंगणाकडे येऊ. तुम्ही सूत्र म्हटलंत, पण ते अर्धंच लावलंत. वडिलांचा आजार तुमच्या हातात नाही, बरोबर. रक्ताची गाठ मेंदूत कुठे अडकली, बोलणं परत येईल की नाही, किती येईल, यातलं काहीही नाही. पण पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचं की नाही, हे कुणाच्या हातात होतं? त्यांचा डावा हात, जो अजून चालतो, तो धरायचा की नाही? संध्याकाळची गाडी पकडायची की रात्र काढायची? एपिक्टेटसची यादी पुन्हा काढून बघा. आपल्या हातातल्या गोष्टी म्हणून तो मत, इच्छा, नावड आणि कृती करण्याची ओढ ही नावं घेतो. उठून बाहेर जाणं या यादीत सरळसरळ बसतं. ज्या क्षणी तुम्ही ‘हे माझ्या हातात नाही’ म्हणालात, नेमकं त्याच क्षणी तुमच्या हातात असलेली एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत.

हे मी कठोरपणे लिहितेय, पण यात तुमच्या एकट्याचा दोष आहे असं मला वाटत नाही. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत एपिक्टेटसचं पहिलं वाक्य मावतं, पुढची शिकवण मावत नाही. त्यामुळे हजारो माणसांपर्यंत हे तत्त्वज्ञान ‘कशाचंच काही वाटून घेऊ नका’ एवढंच पोहोचतं. आणि आपल्याकडे स्थितप्रज्ञाची कल्पना आधीच मनात असते, त्यामुळे ते चटकन पटतंही. पण गीतेतला अर्जुनही रथातून उतरून कुठे गेला नाही. ज्या कामासमोर त्याचे हातपाय गळाले होते त्याच कामाला तो उठून उभा राहिला, हे आपण सोयीने विसरतो.

एपिक्टेटसने तर तुमच्यासारख्याच गैरसमजाला नाव घेऊन उत्तर दिलंय. तिसऱ्या भागात साधनेचे टप्पे सांगताना तो म्हणतो की मी पुतळ्यासारखं निर्विकार असू नये; मी माझी नाती, जन्माने आलेली आणि स्वीकारलेली, सांभाळली पाहिजेत, मुलगा म्हणून, भाऊ म्हणून, बाप म्हणून, नागरिक म्हणून. तुमची पत्नी ‘भिंत’ म्हणाली, तो ‘पुतळा’ म्हणाला होता. दोघांची तक्रार एकच आहे.

त्याच्या वचनांच्या छोट्या हस्तपुस्तिकेत, तिसाव्या कलमात, तो कर्तव्य मोजायचं कसं हे सांगतो: नात्यावरून. समोर वडील आहेत? मग त्यांची काळजी घ्यायची. ते वाईट वडील असले तर? तर तुझं नातं चांगल्या वडिलांशी जुळलेलं नव्हतं, वडिलांशी जुळलेलं होतं, असं तो म्हणतो. हे शेवटचं मी प्रत्येकाला सांगणार नाही. ज्यांनी लहानपणी घरात मार आणि अपमानच खाल्ला, त्यांनी अंतर ठेवलं तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. पण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात वडिलांविषयी तक्रारीचा एक शब्द नाही. उलट, तुमच्या कॉलेजची फी भरायला त्यांनी दुभती म्हैस विकली, हे तुम्ही कुणी न विचारता लिहिलंय.

स्टोइक चार सद्गुण मानत: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. तुम्ही संयमाचा सराव केलात आणि न्यायाला हात लावला नाहीत. न्याय म्हणजे त्यांच्या लेखी कोर्टकचेरी नव्हे. ज्याचं जे देणं लागतं ते त्याला देणं. आणि तुमची शांतता घरच्यांना का खुपते या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ती शांत आहे म्हणून खुपत नाही. तिचा खर्च दुसरं कुणीतरी भागवतंय म्हणून खुपते.

तुमच्या वहिनींचा दिवस डोळ्यांसमोर आणून बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडापाशी जखमा होतात. रात्रीही. गिळायला त्रास होत असेल तर पातळ पाणीसुद्धा ठसका आणतं, म्हणून पेज घट्टसर करून, मान थोडी पुढे झुकवून, चमच्याने भरवावी लागते. एका वाटीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग अंग पुसणं, चादर बदलणं, डायपर, औषधांच्या वेळा. त्यात शेती, गुरं, मुलांच्या शाळा. तुमचे पैसे लागतातच, ते बंद करू नका. पण पैशाने रात्री दोन वाजता कुणी उठत नाही. तुमच्या मनाला त्रास नको म्हणून जो भार तुम्ही टाळला, तो हवेत विरला नाही. तो वहिनींच्या कमरेवर आणि भावाच्या झोपेवर जाऊन बसला. घरात तुमच्या मुलीच्या रडण्याचंही तेच झालं, ते तुमच्या पत्नीकडे गेलं.

आता त्या भरून आलेल्या छातीविषयी, कारण मला वाटतं तुमची खरी भीती तिथे आहे. ते तुम्ही अपयश मानलंत. एवढ्या वर्षांचा सराव आणि बापाला बघून पुन्हा डोळे भरले, म्हणजे सगळं पाण्यात. तसं नाही. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक अनुभव लिहून ठेवलाय. ग्रीसकडून इटलीला जाताना त्याचं जहाज रात्री वादळात सापडलं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. गेलियसचं सारं लक्ष त्याच्याकडे, हा आता कसा वागतो. तर तोही पांढराफटक पडला होता. आरडाओरड केली नाही, पण चेहऱ्याचा रंग उडाला होता. वादळ शमल्यावर गेलियसने आदराने कारण विचारलं. त्या माणसाने झोळीतून एपिक्टेटसच्या शिकवणीचा पाचवा भाग काढला आणि दाखवला: अचानक भयंकर काही समोर आलं की शहाण्याचंही मन क्षणभर हलतं, तोही फिका पडतो, ते कुणाच्या हातात नाही. फरक पुढे पडतो. ‘हे भयंकरच आहे, आता सगळं संपलं’ या मनाच्या सांगण्यावर तो सही करत नाही. तो पाचवा भाग आज हरवलाय, गेलियसने लिहून ठेवलं म्हणून हा तुकडा उरला.

सेनेका हा रोमन स्टोइक लेखकही रागावरच्या आपल्या ग्रंथात हेच सांगतो: पहिला झटका आपोआप येतो, अंगावर काटा येण्यासारखा. त्याला राग म्हणायचं नाही. मन त्याला संमती देतं तिथून राग सुरू होतो. हे तत्त्व तुम्ही रागाला लावलंत आणि ते चाललं. दुःखालाही लावा. छाती भरून येणं, घशात आवंढा येणं, डोळ्यांत पाणी येणं, हे सगळं पहिल्या झटक्यात मोडतं. त्यात तुमचा पराभव नाही. ते येऊ द्यायचं आणि खुर्चीवरून उठायचं नाही. मार्कस ऑरेलियस तरुणपणी आपल्या शिक्षकाच्या मृत्यूनंतर रडू लागला तेव्हा दरबारातली माणसं त्याला आवरू लागली. त्याला दत्तक घेणारा सम्राट अँटोनायनस पायस त्यांना म्हणाला, त्याला माणूस असू द्या. तत्त्वज्ञान काय किंवा साम्राज्य काय, मनातलं प्रेम काढून घेत नाही. जुन्या रोमन चरित्रात हा प्रसंग येतो, आणि पुढे स्टोइक सम्राट म्हणून ज्याचं नाव झालं त्याच्या बाबतीत येतो.

एका ठिकाणी मात्र मी एपिक्टेटसच्या बरोबर जात नाही, आणि तेही तुम्हाला सांगायला हवं. हस्तपुस्तिकेच्या सोळाव्या कलमात तो म्हणतो की दुःखी माणसाला शब्दांनी धीर द्या, वेळ पडली तर त्याच्याबरोबर उसासेही टाका, पण आतून उसासा टाकू नका. ज्या काळात घरोघरी मुलं दगावत, ज्या माणसाने गुलामी काढली, त्याला हे कवच लागलं असेल. मला ते समजतं, पटत नाही. आतून काहीच न हलता दाखवलेली सहानुभूती समोरच्याला कळतेच, मुलांना तर फारच लवकर. आणि एपिक्टेटसचं जगणं त्याच्या या वाक्यापेक्षा मोठं होतं. आयुष्यभर एकटा राहिलेल्या या माणसाने म्हातारपणी एका मित्राचं, टाकून दिलं जाणार होतं असं मूल वाढवायला घेतलं. निर्विकार राहण्यासाठी कुणी हे करत नाही.

तर गावी जाणं गरजेचं आहे का? आहे. आणि मन अस्वस्थ होईल हे धरूनच जायचं. यासाठी हस्तपुस्तिकेतलं चौथं कलम फार कामाचं आहे. एपिक्टेटस सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात जायला निघालास तर तिथे काय होतं ते आधी आठव: पाणी उडवणारे असतील, ढकलणारे, शिव्या देणारे, कपडे चोरणारे. मग स्वतःला सांग, मला आंघोळ करायची आहे, आणि माझं मनही ठिकाणावर ठेवायचं आहे. तुम्ही हेच वहीत लिहा, निघायच्या आदल्या रात्री. दादा टोमणा मारेल, ‘आले पुण्याचे पाहुणे’. वहिनी कदाचित बोलणारच नाहीत. खोलीत औषधांचा आणि लघवीचा वास असेल. वडील मला बघून रडतील. झटक्यानंतर काही रुग्णांना रडू आवरत नाही, त्यात दर वेळी दुःखच असतं असं नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं. वाटणीचा विषय निघेल. हे सगळं होणार. मला बाबांपाशी बसायचं आहे, आणि माझ्या वागण्याची लाज वाटू नये असं वागायचं आहे. एवढं लिहून झालं की निघा.

तिथे नुसतं बसून राहणं तुम्हाला जड जाईल, म्हणून हाताला काम घ्या. दाढी करा त्यांची. लुळ्या बाजूचा गाल सैल पडतो, तो एका हाताने हलकेच ताणून धरावा लागतो, साबणाचं पाणी मानेखाली जाऊ नये म्हणून पंचा खोचावा लागतो. तेवढा वेळ तुमचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ असेल आणि बोलायची सक्ती नसेल. ते काही बोलू पाहतील तेव्हा त्यांचं वाक्य तुम्ही घाईने पुरं करू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि थांबा. बोलणं गेलेल्या माणसाला पुष्कळदा कळत सगळं असतं.

भावाचं काय? इथेही एपिक्टेटसकडे तयार उत्तर आहे, त्रेचाळिसाव्या कलमात, आणि त्याने उदाहरणही भावाचंच घेतलंय. प्रत्येक गोष्टीला दोन मुठी असतात, एकीने ती उचलता येते, दुसरीने नाही. भावाने अन्याय केला तर ‘याने अन्याय केला’ या मुठीने ती गोष्ट धरू नकोस, त्या मुठीने ती उचलली जात नाही. ‘हा माझा भाऊ, आम्ही एकत्र वाढलो’ या मुठीने धर. याचा अर्थ जमिनीवरचा हक्क सोडा असा मी काढत नाही. सातबारा, मोजणी, वाटणीपत्र ही कामं त्यांच्या रीतीने होऊ द्या, लागलं तर वकिलामार्फत. पण वडिलांचा पलंग आणि बांधाचा वाद या दोन गोष्टी एका बैठकीत आणू नका. भावाने विषय काढला तर ‘ते आपण बसून बोलू दादा, आज मी बाबांसाठी आलोय’ एवढं म्हणा. आणि वाटणीचा निकाल लागेपर्यंत सेवेचा हिशेब तुंबवून ठेवू नका.

भावाला एक वाक्य मात्र तुम्ही स्वतःहून द्यायचं आहे: ‘आठ महिने तुम्ही दोघांनी ओढलंत, मी नव्हतो.’ त्यापुढे ‘पण’ येऊ देऊ नका. मग विचारा, काय वाटून घेऊ? दिवसा मदतीला माणूस ठेवायचा का, फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून किती वेळा बोलवायचं, वहिनींना माहेरी चार दिवस जाता यावं म्हणून तुम्ही रजा कधी टाकणार. डॉक्टर हो म्हणाले तर काही दिवस वडिलांना पुण्याला आणता येईल का, याचाही विचार पत्नीशी बोलून करा. तिला गृहीत धरून नको, नाहीतर वहिनींच्या कमरेवरचा भार उचलून तुम्ही तिच्या कमरेवर ठेवाल.

पत्नीला आणि मुलीला हे तत्त्वज्ञान कसं समजावू, असं तुम्ही विचारलंय. समजावू नका. एपिक्टेटस म्हणतो, मेंढ्या किती खाल्लं हे दाखवायला गवत आणून मेंढपाळापुढे टाकत नाहीत. चारा आत पचवतात आणि बाहेर लोकर आणि दूध देतात. मुलगी रडत आली तर तिच्या शेजारी बसा आणि ‘काय झालं सांग’ म्हणा. दहा वर्षांच्या मुलीचं मैत्रिणीशी भांडण म्हणजे त्या दिवशीचं तिचं सगळं जग असतं. ‘हे तुझ्या हातात आहे का’ हा प्रश्न चांगला आहे, पण तो दुसऱ्या दिवशीचा आहे, आणि तोही तिने ‘मी काय करू’ असं विचारलं तर. लगेच ती पूर्वीसारखी येऊन बिलगणार नाही. काही दिवस ती तुम्हाला जोखेल. तिला जोखू द्या. पत्नीला विचारा की गेल्या आठ महिन्यांत असं काय काय झालं जे तुम्ही दोघींनी मला सांगितलंच नाही, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये सुधारणा सुचवू नका.

वहीविषयी. पहाटेबरोबर रात्रीही लिहा. सेनेका सांगतो की दिवा मालवला, त्याची ही सवय माहीत असलेली बायको गप्प झाली, की तो आपला पुरा दिवस तपासायचा, स्वतःपासून काही लपवायचा नाही, आणि शेवटी स्वतःला म्हणायचा, या वेळी माफ, पुन्हा असं करू नकोस. एपिक्टेटस याच कामासाठी पायथागोरसच्या परंपरेतले तीन प्रश्न देतो: कुठे चुकलो? काय केलं? करायला हवं होतं असं काय राहिलं? तुम्ही पाठवलेली वहीची पानं मी पाहिली. त्यांत पहिल्या प्रश्नाची उत्तरं ओळीने आहेत: रागावलो नाही, चिडलो नाही, गाडी अडली तरी हॉर्न वाजवला नाही. तिसऱ्या प्रश्नाचं एकही उत्तर नाही. काही दिवस फक्त तिसराच लिहा, आणि उत्तरात माणसाचं नाव असू द्या.

तुमच्यासारखीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. काही जणांच्या बाबतीत ‘मला कशाचंच काही वाटत नाही’ ही कमावलेली शांतता नसते. दुःखाबरोबर आनंदही आटलेला असतो, झोप नाही, भूक नाही, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नाही. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर तत्त्वज्ञानाचं पुस्तक पुरत नाही. डॉक्टरांना भेटा, केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, बोलता येतं. तुमच्या पत्रात ही लक्षणं मला दिसली नाहीत, पण छातीतला तो दाब श्रम केल्यावरही येत असेल तर रक्तदाबाच्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, राग कितीही कमी झालेला असो.

आणि गावी जाल तेव्हा शनिवारी जाऊन रविवारी परतू नका. पाहुण्यांची वर्दळ रविवारी असते, खरं काम सोमवारी असतं. वहिनींना आधी फोन करा, दादाला नव्हे. कोणत्या मापाचे डायपर लागतात, कोणतं मलम संपत आलंय, गावात काय मिळत नाही, हे त्यांनाच माहीत आहे. यादी लिहून घ्या आणि मी बुधवारपर्यंत आहे, रात्रीचं कुशीवर वळवणं तेवढे दिवस माझ्याकडे, असं त्यांना फोनवरच सांगा.